नवीन जोडलेला पीसी: पंखा जरासा हलतो आणि लगेच थांबतो

अक्षरजुळारी
नमस्कार मंडळी. मी सांगलीत घरूनच पुस्तकांची अक्षरजुळणी करते. दोन दिवाळी अंक हातात आहेत आणि जुन्या मशीनवर एक जाहिरातीचं पान उघडेपर्यंत चहा होतो. म्हणून सुटे भाग मागवून नवीन पीसी जोडला. बटण दाबलं की प्रोसेसरवरचा पंखा अर्धा वेढा फिरतो, 'टक्' असा बारीक आवाज येतो आणि सगळं बंद. त्यानंतर बटण कितीही दाबा, काही होत नाही. पॉवर सप्लायचा मागचा स्विच बंद करून थोडं थांबलं, की पुन्हा एकदाच तसंच होतं.

सामान असं आहे: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स (लहान आकाराचा) बोर्ड, डीडीआर५ रॅम १६ जीबीच्या दोन पट्ट्या, १ टीबी एनव्हीएमई डिस्क, ६५० वॅटचा पॉवर सप्लाय. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. कॅबिनेट मोठं, पूर्ण एटीएक्सचं आहे. वायर लावल्यापासून बोर्डावरचा एक छोटा दिवा सतत चालू आहे. २४ पिनची आणि प्रोसेसरची ८ पिनची, दोन्ही केबल 'कट' आवाज येईपर्यंत बसवल्या आहेत.

दुकानदार म्हणतात, जोडलेलं सामान परत होत नाही, एकेक भाग बदलून बघा. पण सुरुवात कुठून करू? प्रत्येक भाग हजारोंचा आहे.

पेठेतला_गेमर
रॅम काढा, सोनेरी पट्टी खोडरबरने घासा, परत लावा. माझ्याकडे दहातले नऊ पीसी असेच चालू होतात.

कोकणकडा
सप्लाय गेला. दुसरा आणून लावा.

मल्टिमीटर
ताई, थांबा. अजून काहीच विकत आणू नका.

मी बरीच वर्षं मुंबईत लॅमिंग्टन रोडवर बोर्ड दुरुस्त केले, आता गावी हेच काम करतो. तुम्ही लक्षणं इतकी नेमकी लिहिली आहेत की निम्मं काम झालंय. खोडरबर जुन्या, काळवंडलेल्या पट्ट्यांसाठी ठीक. कालच पाकिटातून काढलेल्या रॅमला त्याची गरज नाही. शिवाय रॅमची तक्रार असती तर पंखे फिरत राहिले असते, स्क्रीन काळी राहिली असती आणि बोर्डावरचा रॅमचा दिवा लागून राहिला असता. तुमच्याकडे पंखेच थांबतायत.

सप्लायबद्दल. बोर्डावरचा दिवा लागतोय म्हणजे ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन, म्हणजे पीसी बंद असतानाही मिळणारी वीज, येते आहे. बटण दाबल्यावर १२ व्होल्ट सुरू होतात, सप्लायला कुठेतरी भलताच करंट ओढला जातोय असं दिसतं आणि तो स्वतःला बंद करून घेतो. घरातला एमसीबी पडला की हाताने वर करावा लागतो ना, तसा मागचा स्विच बंद-चालू करेपर्यंत तो अडून बसतो. 'एकदाच हलतो, मग काहीच नाही' हे याचंच लक्षण. म्हणजे सप्लाय बहुधा त्याचं काम बरोबर करतोय. कुठेतरी शॉर्ट आहे, तो शोधायचा.

कोकणकडा म्हणतात तसा सप्लायच खराब असण्याची शक्यता थोडी आहेच. ती तपासायला पैसे लागत नाहीत. सगळ्या केबल बोर्डावरून काढा. २४ पिनच्या प्लगमध्ये १६ नंबरची पिन ही चालू करण्याची, तिच्या शेजारची १७ नंबरची ग्राउंड. जुन्या सप्लायमध्ये ती वायर हिरवी असे, हल्ली सगळ्याच काळ्या असतात, म्हणून प्लगचं चित्र समोर ठेवून मोजा. मागचा स्विच बंद असताना त्या दोन्हींत कागदाची क्लिप घाला, कॅबिनेटचा एक पंखा सप्लायला जोडा आणि मग स्विच चालू करा. पंखा फिरत राहिला तर सप्लाय निदान सुरू होतो आहे. ताणाखाली तो कसा वागतो हे यातून कळत नाही, पण आज तेवढं पुरे.

मग खरी तपासणी. प्लग भिंतीतून काढा, बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला चार्ज जाईल. बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढा आणि तो ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला त्या खोक्यावर ठेवा. चंदेरी पिशवीवर ठेवू नका, ती बाहेरून थोडीफार वीज वाहून नेते. बोर्डावर फक्त प्रोसेसर, त्याचा कूलर आणि रॅमची एकच पट्टी. क्लिप काढून २४ आणि ८ पिनच्या केबल परत लावा. ही पट्टी प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या खाचेत, बोर्डावर 'ए२' लिहिलेलं असतं. मॉनिटरची केबल बोर्डाच्याच पोर्टला, ७६००मध्ये ग्राफिक्स आहे. एनव्हीएमई, पुढच्या यूएसबीच्या आणि ऑडिओच्या वायरी काहीही नको. प्लग भिंतीत लावून बोर्डावरच्या पॉवर बटणाच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा.

प्रोसेसर सॉकेटमधून काढू नका, हे मुद्दाम सांगतो. तुमच्या बोर्डाच्या एएम५ प्रकारात १७१८ पिना सॉकेटमध्ये असतात आणि केसासारख्या नाजूक. तपासण्याच्या नादात वाकल्या की मग खरंच नवीन बोर्ड घ्यावा लागेल.

पंखे सुरू राहिले तर लगेच बंद करू नका. डीडीआर५ पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमशी वेळेचा मेळ घालतो, याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. एएम५ वर त्याला काही मिनिटं लागू शकतात आणि तोवर स्क्रीन काळीच असते. लोक घाबरून मध्येच वीज तोडतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

बाहेर ठेवूनही तसंच थांबलं, तर प्रोसेसरची ८ पिनची केबल काढून ठेवा आणि तिच्याशिवाय एकदा चालू करून बघा. तेव्हा पंखे फिरत राहिले तर शॉर्ट प्रोसेसरच्या वीजपुरवठ्याच्या बाजूला आहे. आणि हो, केबल त्याच सप्लायच्या खोक्यातल्या आहेत ना? सप्लायच्या बाजूची जोडणी मॉडेलनुसार वेगळी असू शकते. दुसऱ्या सप्लायची केबल बसते, पण १२ व्होल्ट भलत्या पिनला जाऊ शकतात.

अक्षरजुळारी
दादा, केबल त्याच खोक्यातल्या आहेत. क्लिपची चाचणी केली, पंखा फिरत राहिला.

बोर्ड खोक्यावर ठेवला, रॅमची एक पट्टी ए२ मध्ये. पंखा सुरू झाला आणि सुरूच राहिला! रॅमचा पिवळा दिवा लागला, स्क्रीन काळी. तुम्ही सांगितलं नसतं तर मी नक्की बंद केलं असतं. बऱ्याच वेळाने बायोसची (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगची) स्क्रीन आली, प्रोसेसरचं नाव आणि १६ जीबी बरोबर दिसलं. दुसरी पट्टी बी२ मध्ये लावली, परत तेवढंच थांबले, ३२ जीबी दिसलं.

मग सगळं कॅबिनेटमध्ये परत बसवलं, आणि परत तोच अर्धा वेढा.

मल्टिमीटर
उत्तम! बोर्ड, प्रोसेसर, रॅम, सप्लाय चारही सुटले. बाहेर चालतं आणि आत नाही, म्हणजे दोष कॅबिनेट आणि बोर्ड जिथे भेटतात तिथे. बोर्ड पुन्हा काढा. कॅबिनेटच्या पत्र्यावरचे ज्या छोट्या पितळी खुंट्यांवर, म्हणजे स्टँडऑफवर, बोर्ड टेकतो ते सगळे बघा. प्रत्येकाच्या डोक्यावर बोर्डाचं भोक यायलाच हवं. तुमचं कॅबिनेट एटीएक्सचं आणि बोर्ड मायक्रो-एटीएक्स, दोघांची काही भोकं सारखी, काही वेगळी. कारखान्यातून कधीकधी भलत्या जागी एखादा बसवून येतो. तो बोर्डाच्या पाठीवरच्या सोल्डरला टेकला की १२ व्होल्ट थेट ग्राउंडला.

मागच्या पोर्टांची पत्र्याची पट्टी सुटी असेल तर तिच्या पातळ जिभा एखाद्या पोर्टच्या आत शिरल्या नाहीत ना, तेही बघा.

अक्षरजुळारी
सापडला! बोर्डाच्या मधल्या भागाखाली एक स्टँडऑफ होता. तो मी बसवलेला नाही, कॅबिनेटमध्ये आधीपासूनच होता. टॉर्च मारून बोर्डाची पाठ पाहिली, तिथे सोल्डरच्या दोन टोकांवर पुसट ओरखडा आहे. पक्कडीने काढला. बाकीचे बोर्डाच्या भोकांशी एकेक करून जुळवले, मग बोर्ड ठेवला. बटण दाबलं, पंखे सुरू, बायोस समोर. आता विंडोज चढतंय. दादा, तुमचे फार उपकार झाले. तो ओरखडा धोक्याचा आहे का? आणि रॅमचा वेग ४८०० दाखवतोय, खोक्यावर ६००० लिहिलंय.

कोकणकडा
मी उगाच सप्लाय बदलायला लावला असता. क्लिपची युक्ती लिहून ठेवली.

मल्टिमीटर
ओरखडा फक्त सोल्डरवर असेल आणि हिरवा-काळा थर फाटून तांबं दिसत नसेल तर चालेल. तांबं दिसलं तर फोटो टाका. सप्लायने दर वेळी क्षणात वीज तोडली म्हणून बोर्ड वाचला. सप्लायवर पैसे वाचवू नयेत असं मी गिऱ्हाइकांना सांगतो ते याचसाठी.

रॅमचं ४८०० बरोबर आहे, ६००० साठी बायोसमध्ये एक्स्पो (रॅम खोक्यावरच्या वेगाने चालवण्याची सोय) चालू करावं लागतं. पण आज नको. आधी बोर्डाच्या साइटवरून नवीन बायोस पेन ड्राइव्हवर घ्या आणि चढवा. ते चालू असताना वीज गेली तर बोर्ड अडकू शकतो, तेव्हा मशीन यूपीएसवर ठेवा. मग एक्स्पो चालू करा, पुन्हा ट्रेनिंग होईल, थांबा. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून झोपा. सकाळी एकही चूक दिसली तर एक्स्पो बंद करून ४८०० वरच काम करा. अक्षरजुळणीला तेवढं भरपूर होतं, आणि रॅमच्या चुकीने बिघडलेली फाइल छापखान्यात गेल्यावरच कळते. मेमटेस्ट स्वच्छ निघेपर्यंत दिवाळी अंकांच्या फाइल जुन्या मशीनवरच राहू द्या.