प्लाझ्मा विंडोने खरंच हवा अडते का? (इलेक्ट्रॉन बीम वेल्डिंग)

अंबड_जॉबवर्क:
नमस्कार मंडळी, अंबड एमआयडीसीत काम करतो, आमच्याकडे इलेक्ट्रॉन बीम वेल्डिंगचं (व्हॅक्यूममध्ये इलेक्ट्रॉनचा झोत, म्हणजे बीम, मारून धातू जोडायचं) मशीन आहे. वेल्ड होतो काही सेकंदांत पण चेंबर व्हॅक्यूमला येईपर्यंत ऑपरेटर नुसता गेजकडे बघत बसतो आणि मोठा जॉब (वेल्ड करायचा भाग) आला की तो चेंबरात मावतच नाही, परत पाठवावा लागतो. आता ऐकलं की प्लाझ्मा विंडो म्हणून प्रकार आहे, एका बाजूला व्हॅक्यूम, दुसरीकडे उघडी हवा, मध्ये काच नाही पत्रा नाही, फक्त आर्क, म्हणजे विजेने तापून प्लाझ्मा झालेला गॅस. खरंय का हे? आणि लाइट गेली तर?

सातपूर_प्लाझ्मा:
खरंय भाऊ. अमेरिकेतल्या ब्रूकहेवन लॅबच्या एडी हर्शकोविच यांनी १९९५ च्या सुमारास दाखवलं. मधोमध भोक पाडलेल्या तांब्याच्या चकत्या एकामागे एक लावायच्या, प्रत्येकीत पाणी खेळवायचं, दोघींमध्ये इन्सुलेशन, एका टोकाला कॅथोड दुसऱ्याला अ‍ॅनोड आणि त्या २-३ मिमीच्या भोकातून आर्गॉनचा आर्क. आत १२ हजार केल्विनच्या आसपास तापमान. आता प्रेशर तेच ठेवून गॅस एवढा तापवला की त्याची घनता गार गॅसच्या साधारण चाळिसाव्या भागावर येते, म्हणजे भोकात अणूच मोजके उरतात. त्यात तेल तापलं की पातळ होतं पण गॅस तापला की उलट चिकट होतो, त्यामुळे एवढ्याशा भोकातून तो पटकन सरकत नाही. दोन्ही मिळून व्हॅक्यूमकडची गळती खूप कमी होते.

देवळाली_मेकॅनिकल:
मग मागचे पंप काढून टाकायचे का सर?

सातपूर_प्लाझ्मा:
नाही रे, पंप लागतातच, फक्त त्यांच्यावरचा लोड पुष्कळ उतरतो. ही भिंत नाहीये, खडा टाकला तर आरपार जाईल. बीमला मात्र अडथळा जवळजवळ नाही, उलट करंटची दिशा बरोबर असेल तर आर्कचं मॅग्नेटिक फील्ड बीमला आवळून धरतं. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं, जे दार राखतं तेच लेन्स होतं!

व्हॅक्यूम_काका:
लाइटचं मी सांगतो. आर्क विझला की राहतं उघडं भोक, हवा थेट गनमध्ये (जिथून इलेक्ट्रॉन सुटतात तिथे) घुसते आणि तापलेला फिलामेंट खलास, म्हणून क्षणात बंद होणारा व्हॉल्व्ह हवाच. शिवाय बीम हवेत आला की पसरतो, जॉब तोंडाच्या अगदी जवळ धरावा लागतो. आणि बीम धातूवर आपटला की एक्स-रे निघतात ते विसरू नका रे बाबांनो, आज चेंबरची जाड भिंत ते अडवते, चेंबर काढलात तर लेड शिल्डिंगची खोली बांधावी लागेल, त्यात तडजोड नाही.
अंबडवाले दादा, तुमचा वेळ जातोय तो बहुतेक ओलाव्यात. पावसाळ्यात चेंबर उघडा राहिला की भिंतींवर पाण्याची वाफ बसते आणि ती पंपाला निघता निघत नाही. चेंबर उघडताना कोरडा नायट्रोजन सोडा, दार उघडं ठेवू नका, सील तपासा. हे आधी करून बघा आणि किती मिनिटं वाचली ते इथे टाका.

अंबड_जॉबवर्क:
काका, दार तर आमचं जॉब लावेपर्यंत उघडंच असतं. सोमवारपासून नायट्रोजन लावतो. मोठ्या जॉबसाठी फक्त जोडापुरता छोटा चेंबर बाहेरून बसवता येतो का, कुणी केलंय का नाशकात?