चर्चा: गावचं वाचनालय विकासात धरायचं की नाही?

पूर्णाकाठ: ग्रामसभेत वाचनालयाच्या गळक्या खोलीचा विषय काढला तर उत्तर आलं, "आधी विकासाची कामं होऊ द्या." मला हे फार लागलं. आमच्याकडची पोरं पोलीस भरती, तलाठी परीक्षेसाठी लातूर नाहीतर संभाजीनगर गाठतात. अभ्यासिकेची फी, खोलीभाडं, मेस. काही घरांत हा पैसा ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेल्या उचलीतून जातो. गावात रात्री दहापर्यंत उजेडाची, शांत खोली मिळाली तर तो पैसा घरात राहील. हा विकास नाही तर काय?

जोंधळा: आमच्या गावात 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी प्रतवारीत सगळ्यात खालचं वाचनालय आहे. तपासणी असली की कुलूप निघतं, पुस्तकांवरची धूळ झटकली जाते, संपलं. २०१२ ला राज्यभर वाचनालयांची पडताळणी करावी लागली ती उगीच नाही. पोरांच्या मोबाईलवर सगळं आहे. इथं विजेची डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली की पिकं वाळतात, उन्हाळ्यात टँकर येतो. पैसा आधी तिकडं लावा.

ग्रंथपाल, बीड जिल्हा: कुलूपबंद वाचनालयं आहेत, नाकारत नाही. पण २०२२ मध्ये सरकारी अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तरी 'ड' वर्गाचे वर्षाला झाले ४८,००० रुपये. महिन्याला ४,०००. त्यातच पुस्तकं, पेपर, लाइट बिल आणि माझं मानधन. तरी मी रोज दार उघडतो. मागं एका रात्री ओढ्याचं पाणी शेतांत शिरलं. पीकविम्यासाठी नुकसानीची सूचना तेव्हा ७२ तासांत द्यावी लागायची, हे कित्येकांना ठाऊकच नव्हतं. पाच-सहा जणांच्या तक्रारी माझ्या टेबलावर बसून भरल्या.

जोंधळा: तुमचं काम मोठं आहे. पण ते सरकारी सेवा केंद्राचं काम. तुम्ही सोडून गेलात की त्या टेबलावर कोण बसणार? चांगल्या माणसाच्या भरवशावर योजना चालत नाही.

ऊसतोड्याची लेक: मोबाईलवर सगळं आहे म्हणता, कुणाच्या मोबाईलवर? दसऱ्यानंतर आईवडील कारखान्यावर जायचे, घरातला एकच फोन त्यांच्यासोबत जायचा. आजीजवळ आम्ही तिघी. आणि पूर्णाकाठ, तुमच्या बोलण्यात मुलगेच दिसतात. वाचनालयात सकाळ-संध्याकाळ पुरुष पेपर घेऊन बसलेले. आम्ही दारातूनच परत फिरायचो. रात्री दहापर्यंतची खोली मुलींच्या काय कामाची? दुपारी तीन ते पाच फक्त मुलींसाठी ठेवा, तेव्हा मी तुमच्या बाजूनं बोलेन.

पूर्णाकाठ: ताई, चूक माझी. ती वेळ मागणीत घालतो. जोंधळा, माणूस टिकायचा तर पगार हवा. आपल्या राज्याच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय कर नाही. उदगीरहून पलीकडं बीदरला गेलं की कर्नाटकाचा १९६५ चा कायदा लागतो, तिथं घरपट्टीवर हा उपकर आहे. आपणही तो मागायला हवा. आणि वाचनालयाची हजेरीवही दर ग्रामसभेत मांडली, तर कुलूप लपणार नाही.

जोंधळा: वहीचं पटलं. आमच्याकडची पुढच्या सभेत मागतो. घरपट्टी मात्र आत्ताच थकलेली असते, वर उपकर कोण भरणार? टँकर बंद होईपर्यंत माझं मत पाण्यालाच.