एकाच स्वराला दुहेरी वेष्टन कशाला?

पेटीवाला, सोलापूर
नमस्कार मंडळी. अशोक चौकाजवळ पेटीचा क्लास घेतो. भातखंडे लिपीत (शास्त्रीय संगीताच्या स्वरलिपीत) बंदिशी छापायला रात्री बसून पायथनमध्ये प्रोग्राम लिहितोय. आतली मांडणी अशी: विभागात मात्रा, मात्रेत 'गट', गटात स्वर. एका मात्रेत चार स्वर येऊ शकतात म्हणून गट केला, पण बहुतेक मात्रांत एकच स्वर असतो आणि तोही गटात गुंडाळलेला. कोमलची खालची रेघ स्वराकडे, कण (मुख्य स्वराला हलका लागणारा स्वर) आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ते वर कमान काढून दाखवतात) मात्र गटाकडे!

भूप रागात, तीनतालात, आठव्या मात्रेच्या 'प'वरून नवव्याच्या 'ग'वर मींड आली की 'खाली'च्या (नवव्या मात्रेपासूनच्या विभागाच्या) उभ्या रेघेपाशी कमान तुटते. परवा मुलांच्या पानांवर कमानी पेनाने काढून दिल्या. फार लागलं मनाला. गट काढूनच टाकू का?

स्कीमप्रेमी
खुशाल काढा. लिलिपाँड या स्वरलेखन छापायच्या प्रोग्राममध्येही सुटा स्वर आतून 'इव्हेंटकॉर्ड'मध्ये गुंडाळलेला असायचा. २०१२च्या २.१६ आवृत्तीत ते वेष्टन गेलं. आता स्वराची चिन्हं स्वराच्याच 'आर्टिक्युलेशन्स' या यादीत राहतात. ज्यांची फंक्शनं जुन्या मांडणीवर होती, त्यांच्यासाठी पुन्हा गुंडाळून देणारं फंक्शनही ठेवलंय.

तबल्याचा विद्यार्थी
दादा, पण मात्रेखालची अर्धचंद्राची कमान गटावरूनच काढता ना? गट गेला की ती कुठून आणणार? प्रत्येक स्वराला सुरुवात आणि लांबी द्या. ज्यांची सुरुवात एकाच मात्रेत, ते एका कमानीत. स्वर पुढच्या मात्रेत लांबला तर तिथली आडवी रेघ छापतानाच काढा, साठवू नका. आणि लांबी अपूर्णांकातच ठेवा, पायथनचं 'फ्रॅक्शन' वापरून. दशांशात एक षष्ठांश सहा वेळा मिळवलात तर बेरीज एकच्या किंचित अलीकडे थांबते आणि पुढचा स्वर मागच्या मात्रेत जाऊन बसतो. मी हे भोगलंय.

पेटीवाला, सोलापूर
दोघांचे मनापासून आभार. रात्री बदल केला, भूपाची कमान रेघेवरून सलग गेली! मींड आता थेट पुढचा स्वर बघते. जुन्या फायलींत गटात एकच स्वर असेल तर कण त्याच्याकडे आपोआप जातो. दोन-तीन स्वर असले की कण कुणाचा, हे मी कुठे लिहूनच ठेवलं नव्हतं. त्या बंदिशी गुरुजींच्या वहीवरून एकेक बघून दुरुस्त करतोय. आज यमन झाला.