मदत हवी आहे: लेकाला दोन-तीन कामं एकदम सांगितली की पुढची निसटतात

नमस्कार. आम्ही अमळनेरचे. मुलगा 13 वर्षांचा, सातवीत, स्वमग्न (ऑटिझम असलेला) आहे. भुसावळच्या गाड्यांचे नंबर आणि वेळा तोंडपाठ. पण परवा सांगितलं, "आजोबांना कळण्याची भाकरी दे, मोटर बंद कर आणि येताना तांब्या भरून आण." भाकरी दिली आणि तिथेच उभा राहिला. टाकी वाहत होती. आजोबा ओरडले, "मुद्दाम करतो हा." तो कान झाकून बसला. मुद्दाम नव्हतंच ते, म्हणून जीव तुटला माझा.

समुपदेशक म्हणाल्या, पाठांतर वेगळं आणि माहिती डोक्यात धरून तिच्यावर काम करणं वेगळं. या दुसऱ्या प्रकाराला कार्यकारी स्मृती म्हणतात. स्वमग्न असलेल्या बऱ्याच जणांना ती जड जाते, सगळ्यांना नाही. बेरजेत तो हातचा का विसरतो, ते आत्ता कळलं.

घरी एका वेळी एकच सूचना देतो, दारामागे चित्रांची पट्टी लावलीय. फरक पडतोय. शाळेत मात्र गृहपाठ तोंडीच सांगतात आणि वही कोरी येते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, तरी भांडायला जायचं नाही मला. सरांना लिहून द्यायला तुम्ही कसं पटवलंत? चित्रांवरून लेखी यादीवर मुलाला कधी आणलंत? आणि मोबाईलवरच्या स्मरणशक्तीच्या खेळांनी रोजच्या कामात कुणाला खरंच उपयोग झालाय का? आमच्याकडे नुसते खेळातलेच गुण वाढले.

जळगाव-धुळ्याकडच्या पालकांनी जरूर लिहा. आजोबांना कसं समजवायचं, तेही सांगा.