मदत हवी आहे: सेप्टिक शॉकमध्ये (संसर्गाने बीपी कोसळतं तेव्हा) रक्त गाळणारा फिल्टर लावावा का?

सासूबाई (वय 63) परवा रात्रीपासून सांगलीत आयसीयूत आहेत. डाव्या किडनीच्या नळीत खडा अडकला, मागे पू साठला आणि संसर्ग रक्तात गेला. ताप आणि कंबरदुखी म्हणून आम्ही दोन दिवस घरीच गोळ्या देत राहिलो, ते मनातून जात नाही. दाखल केलं तेव्हा वरचं बीपी 70 होतं. त्याच रात्री डीजे स्टेंट (किडनीच्या नळीत ठेवायची बारीक ट्यूब) टाकून पू मोकळा केला. मेरोपेनेम हे अँटिबायोटिक चालू आहे, ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जिवाणू शोधायची तपासणी) ई. कोलाय हा जिवाणू आलाय. बीपी वाढवायला नॉरअॅड्रेनालिनचा पंप आहे, काल व्हॅसोप्रेसिन आणि हायड्रोकॉर्टिसोनही लावलं. लघवी फार कमी. रक्तातलं लॅक्टेट (शॉकमध्ये वाढतं, उतरलेलं बरं) 6.8 होतं, आज 4.9.

दुपारी डॉक्टरांनी सायटोसॉर्ब नावाचा रक्त गाळणारा फिल्टर सुचवला. डायलिसिसच्या मशीनला जोडायचं, एक फिल्टर 24 तास, दोन तरी लागतील. एकाचा खर्च लाखाच्या वर. 'फरक पडेलच असं सांगता येत नाही' हेही ते स्पष्ट बोलले. नवरा म्हणतो, दागिने मोडू पण आईला काही कमी पडू द्यायचं नाही. मलाही तसंच वाटतं. पण याने खरंच जीव वाचतो का? सकाळी सही द्यायची आहे. कुणाला माहिती असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद 1:
ताई, मी आयसीयूत काम करतो. पेशंट पाहिलेला नाही, त्यामुळे निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या. आधी एक गोष्ट वेगळी करा: किडनी बंद पडली म्हणून डायलिसिस लागलं तर ते करावंच लागतं, त्यात कचरू नका. प्रश्न फक्त त्याला जोडायच्या सायटोसॉर्ब फिल्टरचा आहे.

त्यातले प्लास्टिकचे बारीक मणी रक्तातले सूज वाढवणारे रेणू शोषतात. कल्पना चांगली आहे, पण सेप्टिक शॉकमध्ये त्याने मृत्यू कमी होतात हे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही. रक्त गाळणारा दुसरा एक फिल्टर, जपानमध्ये 1994 पासून वापरात असलेला पॉलिमिक्सिन बी चा, थेट जिवाणूंचं एंडोटॉक्सिन (विष) धरतो. त्याच्या अमेरिका-कॅनडातल्या 450 रुग्णांच्या चाचणीत (2018) 28 दिवसांतले मृत्यू फिल्टर लावलेल्यांत 37.7 टक्के, न लावलेल्यांत 34.5 टक्के होते. म्हणजे फायदा दिसला नाही. सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन या गंभीर संसर्गाच्या उपचारांवरच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या 2021च्या मार्गदर्शक सूचना तो वापरू नये असंच सुचवतात, आणि रक्त गाळायच्या इतर पद्धतींबद्दल पुरेसा पुरावा नाही म्हणतात.

शिवाय सायटोसॉर्बचे मणी चांगलं-वाईट निवडत नाहीत, काही अँटिबायोटिकही शोषतात. लावायचं ठरलं तर मेरोपेनेमच्या डोसचं काय करणार, हे नक्की विचारा. पू पूर्ण निघाला का, पुन्हा सोनोग्राफी झाली का, हेही. तुमच्या केसमध्ये जीव वाचवणारं मोठं काम त्या रात्रीच्या स्टेंटने आणि वेळेवर दिलेल्या अँटिबायोटिकने होतं. फिल्टरला नाही म्हटलं तर सासूबाईंच्या उपचारात कसूर केली, असं मुळीच नाही.

धागाकर्ती:
मनापासून आभार. शेवटचं वाक्य नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं. सकाळी राउंडला दोघांनी मिळून विचारलं. सोनोग्राफीत पू उरलेला नाही, लॅक्टेट 3.1, नॉरअॅडचा डोस थोडा उतरवलाय. डॉक्टर स्वतःच म्हणाले, फिल्टर आज थांबवू, संध्याकाळी बघू. लघवी मात्र अजून नाही, डायलिसिस आज सुरू करतायत. बीपी इतकं नाजूक असताना ते सावकाश, जास्त तास चालवतात का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.