पित्त पोटातलं आणि पित्त अंगावरचं

म्हापसेकर:
छातीत जळजळलं की आपण म्हणतो 'पित्त झालं', अंगावर लाल गांधी आल्या की 'पित्त उठलं'. फार्मसीत पित्ताची गोळी मागितली तर उलट विचारतात, "पोटाच्या की अंगाच्या?" दोन्हींना एकच शब्द कसा?

फोंड्याची फार्मासिस्ट:
भाऊ, मीही रोज तेच विचारते! अंगावरच्या गांधींना आयुर्वेदात शीतपित्त म्हणतात, त्यावरून 'पित्त उठणे' आलं असावं. गंमत म्हणजे आधुनिक औषधशास्त्रातही दोन्हीकडे एकच रसायन सापडतं, हिस्टामिन. ॲलर्जीत कातडीतल्या मास्ट पेशी आपल्यातले हिस्टामिनचे दाणे बाहेर टाकतात. ते एच-१ ग्राहींवर (पेशींवरच्या रसायन बसायच्या जागांवर) बसलं की बारीक रक्तवाहिन्या सैलावतात, पाणी पाझरतं आणि गांध फुगते, शिवाय खाज. जठरात तेच हिस्टामिन एच-२ ग्राहींवर बसून आम्ल वाढवतं. म्हणून अंगाला एच-१ अडवणारं सेटिरिझिन, पोटाला एच-२ अडवणारं फॅमोटिडिन. (पॅन्टोप्राझोलची गोष्ट वेगळी, ते थेट आम्लाचा पंपच बंद करतं.) एच-१ वाल्या औषधांवरच्या कामासाठी शास्त्रज्ञ डॅनियल बोव्हे यांना १९५७ साली नोबेल मिळालं, एच-२ अडवणारं सिमेटिडिन शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली.

म्हापसेकर:
मग सेटिरिझिनसारख्या अँटिहिस्टामिनला 'हिस्टामिननाशक' म्हणावं का?

फोंड्याची फार्मासिस्ट:
नको. गोळी हिस्टामिन नष्ट करत नाही, त्याची बसायची जागा अडवते. 'हिस्टामिनरोधक' बरं. आणि सीपीएम (क्लोरफेनिरामिन, ॲलर्जीची जुनी गोळी) घेऊन पेंग येते तीही याचमुळे: मेंदूत हिस्टामिन आपल्याला जागं ठेवतं, आणि ही जुनी गोळी तिथवर पोचते. सेटिरिझिन मेंदूत कमी शिरते, तरी काहींना झोप येतेच. तोंड सुजलं, श्वास लागला तर मात्र गोळीवर थांबू नका, १०८ लावा. तिथे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शनच लागतं.

साखळीकर:
बांगडा खाऊन उठतं ते कुठलं पित्त म्हणायचं?

फोंड्याची फार्मासिस्ट:
इथे आपले दोन जुने शब्द कामाचे, 'वावडं' आणि 'बाधणं'. ताज्या बांगड्यानेही एखाद्यालाच त्रास होतो, ते वावडं, म्हणजे ॲलर्जी. पण बर्फाशिवाय राहिलेल्या बांगड्यात जिवाणू माशातल्याच हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून हिस्टामिन तयार करतात, आणि ते तळलं, उकळलं तरी जात नाही. मग तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर गांधी येतात. हे वावडं नव्हे, विषबाधा.

साखळीकर:
म्हणजे ताटावरच्या सगळ्यांनाच एकदम झालं, तर बांगडा बाधला. आमची आजी असंच म्हणायची.