गायक बदलला की बँडची चाल बदलते
हेवी मेटल या जोरकस रॉक संगीताबद्दल ‘मेटलमध्ये गिटारच सर्व काही, गायक तोंडी लावण्यापुरता’ असे मत मांडले जाते, ते मला पटत नाही. १९७९ मध्ये ब्लॅक सबाथ या मेटल बँडमधून गायक ऑझी ऑस्बर्न गेला आणि त्याच्या जागी रॉनी जेम्स डिओ आला, तेव्हा गिटारवर टोनी आयोमीच होता. तरीही १९८० च्या ‘हेवन अँड हेल’ या अल्बममध्ये बँडचे रूप पालटले, कारण ऑझी अनेकदा रिफच्याच (गिटारवर पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या छोट्या सुरावटीच्या) सुरांवरून गात असे, तर डिओ त्यावर स्वतंत्र चाल बांधत असे.

ग्राउल (मेटलमधले घोगरे, गुरगुरल्यासारखे गाणे) म्हणजे निव्वळ आरडाओरडा, हेही खरे नाही. त्यात मूळ स्वरतंतूंच्या वर असलेल्या आभासी स्वरतंतूंचे कंपन वापरतात आणि श्वासाचा जोर पोटातून लागतो. लातूरला महाविद्यालयात असताना आमच्या गायकाने घसा ताणून दोन तालमींतच आवाज बसवून घेतला होता. त्याला दम राखायला शिकवले ते तुळजापूरकडच्या एका वयस्कर गोंधळी काकांनी (त्यांनी ऑझीचे नावही ऐकलेले नव्हते).